आज फळ्यावर कोण?

सोलापुरात फुकटात नाव मिळवायचे दोन मार्ग आहेत. उन्हाळ्यात पाणपोई घालायची, नाहीतर चौकातला फळा ताब्यात घ्यायचा. पाणपोईला पाणी लागतं आणि आमच्या भागात ते चार-पाच दिवसांआड येतं. म्हणून मी फळा घेतला.

हा फळा गणेशोत्सव मंडळाचा. वर्षातले दहा दिवस त्यावर आरतीच्या वेळा, वर्गणीदारांची नावं आणि 'येथे गाडी लावू नये' एवढा मजकूर असतो. उरलेलं वर्ष तो रिकामा. अगदीच रिकामा नाही म्हणता येणार. कधीकाळच्या कुणाच्या तरी 'भावपूर्ण श्रद्धांजली'तला 'पूर्ण' तेवढा शिल्लक होता आणि त्याच्याखाली पोरांनी क्रिकेटचे तीन स्टंप काढलेले होते. मला गाण्याचं वेड जन्मापासूनचं. म्हणजे ऐकण्याचं, आणि त्याहून जास्त गाण्याबद्दल सांगण्याचं. निवृत्तीनंतर घरात सांगण्याची सोय उरली नव्हती. "हे गाणं कसं झालं माहितीय का?" एवढं म्हणायचा अवकाश, मुलगा आंघोळीला जातो, सून कुकर लावते आणि नातू शी आल्याचं जाहीर करतो. चौकातली माणसं निदान रिक्षा येईपर्यंत तरी उभी असतात.

मी मंडळाच्या अध्यक्षांकडं गेलो. ते पानटपरीवर चुना मळत होते.

"काय लिवणार म्हणता?"

"रोज एका कलावंताबद्दल. जयंती, पुण्यतिथी, गाण्यांच्या मागच्या गोष्टी."

"राजकारण न्हाई ना त्यात?"

"अजिबात नाही."

"कुणाच्या भावना बिवना?"

"छे, कुणाच्याच दुखावणार नाहीत."

अध्यक्षांनी पान गालात सारलं. "मग वाचंल कोण ओ ते?"

शेवटी एका अटीवर फळा मिळाला. उजव्या कोपऱ्यात नळाला पाणी कधी येणार ते रोज लिहायचं. मला वाटलं, एवढंच ना! कोपरा तर कोपरा.

माझं हे वेड जुनं आहे. लहानपणी आमच्या वाड्यात एकच रेडिओ होता आणि बुधवारी रात्री रेडिओ सिलोनवर अमीन सायानींची 'बिनाका गीतमाला' सुरू झाली की वाड्यातली सगळी भांडणं तासभर तहकूब व्हायची. १९५२ पासून चालत आलेला तो कार्यक्रम. कुठलं गाणं कितव्या पायदानावर आहे ते मी वहीत मांडून ठेवायचो. त्या काळात माझ्या प्रगतिपुस्तकातही वर्गातला नंबर असायचा, पण तो वहीत मांडून ठेवावा असा नव्हता. पुढं आकाशवाणीच्या 'आपली आवड'ला फर्माईशीची पोस्टकार्डं टाकायला लागलो. फर्माईशीचा धर्म असा की गाणं एक आणि नावं मावतील तेवढी. तिकडं झुमरी तलैया नावाच्या गावानं या एकाच उद्योगावर देशभर नाव कमावलं होतं. सोलापूर मागं राहू नये म्हणून मी कार्डावर वाड्यातली सगळी बिऱ्हाडं घातली, घरमालक घातले आणि तरीही जागा उरली तेव्हा घरमालकांचा कुत्रा घातला. एका रविवारी आमचं कार्ड लागलं. निवेदिकाबाईंनी अख्खा वाडा वाचला, शेवटी 'आणि कुमार मोती' असं प्रेमानं म्हटलं आणि माझं नाव वेळेअभावी राहिलं. मोतीला त्या दिवशी वाड्यातल्या प्रत्येकानं पोळी घातली. मला अभ्यासाला बसवण्यात आलं.

तेव्हापासून आपलं स्वतःचं एक केंद्र असावं, असं मनात होतं.

पहिल्या दिवशी फळ्यावर कोण, याचा मी फार विचार केला. सोलापूरचाच मान हवा. मग राम जोशी घेतले. पेशवाईच्या उत्तरकाळातले आमच्या सोलापूरचे शाहीर. थोरले भाऊ पुराण सांगणारे आणि हे तमाशाच्या फडात रमलेले, त्यामुळं भावानं घराबाहेर काढलं. मग पंढरपूरला जाऊन संस्कृत शिकले, कीर्तनही केलं, पण नाव झालं ते लावणीनं. त्यांच्यावर १९४७ साली 'लोकशाहीर रामजोशी' हा चित्रपट आला, जयराम शिलेदारांनी रामजोशी उभा केला. हे सगळं मी दोन रंगांच्या खडूनं लिहिलं. निघण्याआधी घरी वाचून दाखवलं होतं. आमची ही भाकरी थापता थापता म्हणाली, "त्यांना भावानं काढलं. मी तुम्हाला अजून ठेवून घेतलंय, हेही लिहा की खाली."

फळ्यासमोर पहिला वाचक थांबला तेव्हा माझ्या छातीत धडधडायला लागलं. मी समोरच्या चहाच्या गाड्यामागं उभा राहून त्याचा चेहरा न्याहाळत होतो. त्यानं सावकाश सगळं वाचलं. पुन्हा वाचलं. मग इकडंतिकडं बघून मला विचारलं, "हे जोशी दक्षिण कसब्यातले का ओ? पत्रिका बघत्यात का? पोरीची जुळवायचीय."

दुसऱ्या दिवसापासून गर्दी वाढली. सकाळी सातला फळ्यापुढं आठ-दहा माणसं! मी घरी येऊन सांगितलं, लोकांना भूक आहे, चांगलं द्यायला हवं. मुलगा खिडकीतून चौक बघत म्हणाला, "बाबा, सगळ्यांच्या माना उजवीकडं का वळल्यात?" पाण्याच्या कोपऱ्यापुढं माणसं पंढरीच्या रांगेतल्यासारखी सरकत होती. एका बाईनं तर कोपरा वाचून झाल्यावर फळ्याला हात लावून नमस्कार केला. त्या दिवशी डाव्या बाजूला अमर शेख होते. बार्शीचा एवढा मोठा शाहीर, पण पाणी सहाला की साडेसहाला, यापुढं काय टिकणार?

वाचकाला धरून ठेवायचं तर काहीतरी जबर हवं. मग मी ९ सप्टेंबरची वाट बघितली. ९ सप्टेंबर १९३८ रोजी लता मंगेशकर सोलापुरात वडिलांबरोबर पहिल्यांदा जाहीर शास्त्रीय गायल्या. वयाची नऊ वर्षं पूर्ण व्हायला तेव्हा एकोणीस दिवस बाकी होते. मुलीनं खंबावती गायला आणि पुढं मास्टर दीनानाथ गात असताना त्यांच्याच मांडीवर डोकं ठेवून झोपून गेली. २०२१ मध्ये लताबाईंनी स्वतः त्या दिवसाची आठवण जाहीरपणे काढली होती. अशी गोष्ट आपल्या गावात घडली आणि आपण पाण्याची वेळ विचारतोय! मी पूर्ण फळा भरला. वर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'लता मंगेशकर यांचा पहिला जाहीर कार्यक्रम. सोलापूर. ९ सप्टेंबर १९३८.'

आठच्या सुमाराला एक पांढऱ्या सदऱ्यातले गृहस्थ फोनवर बोलत फळ्याला टेकले. १९३८ हे साल त्यांच्या पाठीवर बसून साखर पेठेकडं निघून गेलं. उरला मजकूर असा, की ९ सप्टेंबरला सोलापुरात लताबाईंचा कार्यक्रम आहे.

"पास कुटं मिळत्यात?" एकानं विचारलं.

"अहो, त्या २०२२ सालीच गेल्या की."

"मग हे काय लिवलंय?"

"पहिला कार्यक्रम."

त्यानं क्षणभर विचार केला. "गेल्यावर पहिला?"

मी साल परत लिहिलं, तर दुसरं संकट उभं राहिलं. जो तो सांगायला लागला की त्या रात्री आमचे आजोबा पहिल्या रांगेत होते. एकाच्या आजोबांनी लताबाईंना पेढा दिला होता. एकाच्या आजोबांनी तंबोरा उचलून दिला होता. सत्तरीचे एक काका म्हणाले, "मी स्वतः होतो." मी वयाचा हिशेब काढला, तर म्हणाले, "वडील होते म्हंजे मीच की ओ. बापलेकात कसला भेद?" सगळ्या आजोबांची बेरीज केली तर त्या रात्रीची पहिली रांग होटगीपर्यंत गेली असणार.

यातून मला वाचकाची नाडी सापडली. लोकांना गाण्यात गाव हवं असतं. मग मी सोलापूरकरांचा धडाका लावला. शशिकला सोलापूरच्या. 'कट्यार काळजात घुसली'तल्या फैयाज सोलापूरच्या. अतुल कुलकर्णींची शाळा सोलापूरची. चीनमध्ये जाऊन रुग्णसेवा करणारे डॉ. कोटणीस सोलापूरचे आणि व्ही. शांतारामांनी १९४६ साली 'डॉ. कोटनीस की अमर कहानी'त त्यांची भूमिका स्वतः केली. महिनाभर फळा गाजला. पण सोलापूरकर कलावंत शेवटी मोजकेच. ते संपले आणि चौकाची सवय काही संपेना.

"आज किशोरकुमार? त्याचा सोलापूरशी काय संबंध?"

यावर आमच्या चहावाल्यानं तोडगा काढला. तो म्हणाला, "काका, मद्रास-मुंबई गाडी कुठनं जाती? सोलापुरावरनंच की. मद्रासचा कुठला बी आर्टिस्ट मुंबईला गेला की झोपेत का हुईना, सोलापूरला येऊन जातोच." या सिद्धांतानं अख्खा दक्षिण भारत माझ्या फळ्यावर आला. पुढं मी धीर करून बीटल्सना घेतलं. १९६८ साली ते ऋषिकेशला महर्षींच्या आश्रमात राहिले होते, तिथं त्यांनी ढीगभर गाणी रचली, वगैरे. चौकात शांतता पसरली. मग चहावालाच म्हणाला, "फेब्रुवारीत ऋषिकेशला थंडी किती असती! पांघरली असंल की बे त्यांनी बी आपलीच चादर." लोक समाधानानं पांगले.

पुण्यतिथ्यांचा विषय त्याहून नाजूक. चाहत्याचं पंचांग निराळं असतं. त्यात एकादशी-चतुर्थी नसतात, कोण कधी आलं आणि कोण कधी गेलं एवढंच असतं. ३१ जुलैला मी काळी चौकट आखून फक्त दोन शब्द लिहिले, 'रफीसाहेब गेले.' खाली साल १९८०, पण बारीक अक्षरांत. जाणकाराला दोन शब्द पुरे, असा माझा कलात्मक विचार होता. आमच्या चौकात त्याच नावाचे एक सायकल दुरुस्तीवाले आहेत, हे कलात्मक विचार करताना लक्षात राहिलं नाही.

सकाळी नऊपर्यंत त्यांच्या दुकानापुढं पंधरा-वीस माणसं जमली. कुणी टॉवेल खांद्यावर टाकून आलं होतं. दोघंतिघं मयत किती वाजता निघणार ते विचारत होते. आणि साहेब स्वतः आत बसून पंक्चर काढत होते. मी धावत गेलो, हात जोडले, म्हटलं, आत्ता पुसतो. त्यांनी मला आत ओढलं आणि हळूच म्हणाले, "साहेब, दो दिन रहने दो. कौन आता है, कौन नहीं आता, जरा देखता हूँ. उधारीवाले कोई नहीं आए अभी तक."

उधारीवाले तिसऱ्या दिवशी आले. साहेबांना जिवंत बघून त्यांना जो धक्का बसला, त्यात दोघांनी जागेवर पैसे दिले. त्यानंतर माझ्या सायकलीत हवा फुकट.

सोलापुरात फळा चालवायचा म्हणजे एका भाषेत भागत नाही. इथला माणूस भाजी कानडीत घेतो, कपडे उर्दूत शिवायला टाकतो, मागावर तेलुगू बोलतो आणि भांडण मराठीत करतो. पहिली तक्रार पूर्व भागातून आली. यंत्रमागावर काम करणारा एक तरुण रोज फळा वाचून जायचा.

"अण्णा, बालसुब्रह्मण्यम कधी?"

"घेऊ की."

"घेऊ घेऊ म्हणायलाव. दोन महिने झालं, तुम्ही पुण्या-मुंबईच्याच्याच मागं."

त्याचं म्हणणं खरं होतं. 'शंकराभरणम्'साठी राष्ट्रीय पुरस्कार, हिंदीत 'एक दुजे के लिए'साठी पुन्हा राष्ट्रीय पुरस्कार, एवढा माणूस मी टाळला होता. मी फळा भरून बालसुब्रह्मण्यम लिहिले. लगेच कानडीवाल्या अक्कांनी हटकलं, "आणि राजकुमार?" राजकुमार हे नट असूनही त्यांना गाण्याचाही राष्ट्रीय पुरस्कार मिळालाय, हे त्यांनी मला असं सुनावलं की जणू तो मीच दाबून ठेवला होता. मग कव्वालीवाले आले. भीमगीतांवर जीव असलेले आले. भजनी मंडळ आलं. शेवटी मी फळ्याचे चार भाग केले आणि तेलुगू, कानडी, उर्दूचा एकेक भाग त्या त्या लोकांच्या स्वाधीन केला. म्हटलं, तुम्हीच लिहा, मला लिपी येत नाही.

आठवडाभर फळ्यापुढं अशी झुंबड उडाली की मला भरून आलं. विशेषतः तेलुगू भागापुढं तरुण पोरं गंभीर चेहऱ्यानं उभी राहायची, काहीजण उतरवूनही घ्यायची. मी त्या मागवाल्या मुलाला कौतुकानं विचारलं, "कुणाबद्दल लिहिलंयस रे? फार आवडलेलं दिसतंय."

"कुणाबद्दल न्हाई अण्णा. टॉवेलच्या कारखान्यात दोन माणसं पाहिजेत, ते लिवलंय."

कानडी भागात कडक भाकरी घरपोच मिळेल, असं होतं. उर्दू भागात एक बकरी हरवली होती. ती सापडली, दोन माणसांना नोकरी लागली आणि अक्कांच्या भाकरीला मागणी वाढली. माझ्या चौथ्या भागात त्या आठवड्यात 'गीतरामायण' होतं. १९५५ च्या एप्रिलपासून वर्षभर पुणे आकाशवाणीवर चाललेली छप्पन्न गाणी, गदिमांचे शब्द, बाबूजींची चाल. त्याचा परिणाम एवढाच झाला की बकरीवाल्यांनी मला मजकूर आवरता घ्यायला सांगितला. त्यांना शेळीही विकायची होती.

याशिवाय एक निवृत्त गुरुजी. ते स्वतःचा खडू घेऊन येतात, तोही लाल. त्यांना गाण्यात काडीचा रस नाही. फळ्यावर तानसेन आहे की तांबूलविक्रेता, याच्याशी त्यांना कर्तव्य नाही. मी एकदा 'संगीतकारांनी ही चाल अवघ्या काही मिनिटांत बांधली' असा रोमांचक मजकूर लिहिला होता. गुरुजी 'मिनिटांत'वरचा अनुस्वार मिनिटभर निरखून म्हणाले, "बरोबर आहे," आणि निराश होऊन गेले. त्यांचा दिवस वाया जाऊ नये म्हणून मी आता रोज एखादी वेलांटी मुद्दाम चुकवतो. गुरुजींची तब्येत सुधारलीय, असं त्यांच्या सुनेनं आमच्या हिला सांगितलं.

फळ्याच्या इतिहासातला सगळ्यात मोठा गोंधळ मात्र 'सैराट'चा. २९ एप्रिलला चित्रपटाचा वाढदिवस म्हणून मी लिहायला गेलो. म्हटलं, इथं तरी सगळे एक होतील. दिग्दर्शक नागराज मंजुळे करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे, नायिका रिंकू राजगुरू अकलूजची, चित्रीकरण करमाळ्याकडचं, म्हणजे सगळा मामला सोलापूर जिल्ह्याचा. संगीत अजय-अतुल यांचं आणि त्यासाठी वाद्यवृंद ध्वनिमुद्रित झाला थेट लॉस एंजेलिसच्या सोनी स्टुडिओत. मला त्या वाद्यवृंदाबद्दल सांगायचं होतं. झिंगाट नाचणाऱ्या पोरांना आपण परदेशी व्हायोलिनांवर नाचतोय, हे कळावं, असा माझा शैक्षणिक हेतू होता.

लॉस एंजेलिस कुणी वाचलंच नाही. करमाळ्याकडचे आणि अकलूजकडचे अशी फळ्यापुढं फाळणी झाली.

"गाव आमचं, विहीर आमची, तर पिक्चर कुणाचा?"

"पर पोरगी कुठली? पोरगी काढून बघ की पिक्चरमधनं, काय राहतंय?"

"आमच्या साडूच्या शेतात शूटिंग झालंय."

"आमचा मावसभाऊ गर्दीत हाय. लाल शर्ट. थांबवून दावतो."

मी मध्ये पडलो. म्हटलं, अहो, मराठी चित्रपटानं पहिल्यांदाच शंभर कोटींच्या वर गल्ला जमवला, याचा आपल्या जिल्ह्याला अभिमान हवा. तर लाल शर्टवाल्याचा मावसभाऊ म्हणाला, "शंभर कोटी? दिलं कुणी? आमच्या गावात तर सगळ्यांनी मोबाइलवरच बघितलाय." त्यावर दोन्ही बाजूंचं एकमत झालं आणि तंटा मिटला.

एवढं करूनही एका सकाळी माझा फळा नाहीसा झाला. जागेवरच होता, पण एका वाढदिवसाच्या फ्लेक्सखाली. फ्लेक्सवर उत्सवमूर्तींचा फोटो, गॉगल लावलेला, आणि खाली शुभेच्छुकांचे चाळीसेक फोटो. मी रागानं फणफणत उभा होतो आणि लोक मात्र रमून वाचत होते. 'हा बघ आपला बंड्या', 'ह्याचा फोटो लहान का बे लावला', 'ह्यानं गॉगल कुणाचा घेतला'. माझ्या फळ्यापुढं इतकी जिवंत चर्चा कधी झाली नव्हती. मी घरी येऊन तावातावानं म्हणालो, "वाढदिवस एकाचा आणि फोटो चाळीस जणांचे! ह्यांना त्या नेत्याचं काही पडलेलं नाही, ह्यांना स्वतःला मिरवायचंय!"

ही शेंगा भाजत होती. हात न थांबवता म्हणाली, "तुमच्या फळ्यावर खाली 'संकलन' म्हणून नाव असतं ना तुमचं?"

"असतं की. पद्धत आहे ती."

"परवा लताबाईंच्या नावापेक्षा वीतभर मोठं होतं."

मी शेंगा सोलायला बसलो.

फळ्याचं वर्ष भरलं तेव्हा मंडळानं माझा सत्कार ठरवला. आमच्याकडं सत्कार म्हणजे चादर. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, त्यामुळं ती पांघरायची नसते, द्यायची-घ्यायची असते. पारा चव्वेचाळीसवर असला तरी सत्कारमूर्तीनं ती खांद्यावर घेऊन हसायचं असतं. आमच्या घरात कपाटाच्या दोन कप्प्यांत याआधीच्या चादरी आहेत. त्यातल्या काही मी दिलेल्याच फिरून माझ्याकडं आल्यात, हे कोपऱ्यावरच्या हळदीच्या डागावरून हिनं सिद्ध केलंय.

चौकात मांडव पडला. खुर्च्या, माइक, मागं जनरेटर. फळ्याचे सगळे मानकरी आले होते. सायकलवाले साहेब पहिल्या रांगेत, त्यांच्यापासून शक्य तितके लांब उधारीवाले. अक्का, मागवाला मुलगा, बकरीवाले, लाल खडूसह गुरुजी. अध्यक्षांनी भाषणात माझ्या संगीतसेवेचा गौरव केला. पाण्याच्या अचूक वेळांचा तर फारच केला. मी आभाराचं भाषण खिशातून काढलं. त्यात बिनाका होतं, खंबावती होता, लॉस एंजेलिसही पुन्हा घुसवलं होतं. इतक्यात अध्यक्ष माइकवर म्हणाले, "वर्षभर ह्यांनी आपल्याला गाण्याबद्दल सांगितलं. आता गाणंच ऐकवतील!"

टाळ्या पडल्या. मी अध्यक्षांच्या कानात म्हटलं, "अहो, मला गाता येत नाही."

"वर्षभर लिवताय की!"

"लिहिणं वेगळं."

"शरमू नका ओ. आपलेच लोक हायेत."

जन्मभर मी भल्याभल्यांच्या सुरातली गफलत काढलेली. कुणाचा पंचम कुठं हलला, कुणाचा श्वास कुठं ऐकू आला, यावर चहाच्या किटल्या संपवलेल्या. अशा माणसाला माइक हातात आल्यावर एकच गोष्ट सुचते, की आपल्यालाही जमेल. मी रफीसाहेबांचं एक चढ्या सुरातलं गाणं धरलं. मुखडा बरा गेला, असं मला वाटलं. लोक माना डोलावत होते. अंतऱ्याला वर गेलो आणि त्याच क्षणी वीज गेली.

जनरेटर होता, त्यामुळं माइक चालू राहिला. पण शेजारच्या गल्लीतले यंत्रमाग बंद पडले आणि तोवर त्यांच्या खडखडाटात झाकून गेलेला माझा आवाज चौकाला पहिल्यांदा स्वच्छ ऐकू आला.

पुढचं फार सांगत नाही. अक्कांनी पदर कानावर घेतला. एक लहान मूल रडायला लागलं आणि त्याची आई उठल्याचं निमित्त साधून तीन रांगा उठल्या. सायकलवाले साहेब तेवढे शेवटपर्यंत बसले. गाणं संपल्यावर माझा हात धरून म्हणाले, "भाईजान, आज मात्र रफीसाहेब खरंच गेले." गर्दीतून मागवाल्या मुलाचा आवाज आला, "अण्णा, बालसुब्रह्मण्यमचं नका ओ म्हणू!"

दुसऱ्या दिवशी सकाळी खडू घेऊन गेलो, तर फळा माझ्या आधीच कुणीतरी लिहिला होता. पाण्याचा कोपराही पुसून पूर्ण फळाभर मजकूर होता, 'काल रात्री झालेल्या गैरसोईबद्दल आम्ही दिलगीर आहोत. आपले, मंडळ.' 'गैरसोई'तली 'ई' लाल खडूनं काढून तिथं 'यी' घातलेली होती. बाकी मजकुरावर गुरुजींची काही हरकत दिसली नाही.

मी थोडा वेळ उभा राहिलो. मग खाली उरलेल्या जागेत नेहमीच्या अक्षरात मूळ गायक, संगीतकार आणि गीतकार यांची नावं लिहिली आणि पुढं लिहिलं, 'कालच्या प्रकाराशी वरील मान्यवरांचा काहीही संबंध नाही.' लोक थांबून वाचायला लागले. सगळ्यांच्या माना डावीकडंच होत्या. वर्षभरात इतका वाचला गेलेला हा माझा पहिलाच मजकूर. त्याखाली 'संकलन' लिहून झालं होतं, पण पुढं नाव घालायचं मी टाळलं.